सकाळी बरोबर, जेवणानंतर चौपट

"ताई, तुमचं ते प्लगइन सकाळी बरोबर चालतंय, जेवण करून आलं की चौपट क्षेत्र दाखवतंय."

आमच्या फील्डवरच्या माणसाचा हा फोन आला तेव्हा मी हसले होते, खरं सांगते. म्हटलं भाकरी जास्त झाली असेल तुला. पण तो काही मस्करी करणारा माणूस नाही, चार वर्षं फील्डवर आहे, आणि आकडा चुकला की त्याला आधी कळतं आणि मला नंतर.

तर झालं असं, आमचं काम पाणलोटाचं. गावाचा गटनकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, एकेक गट निवडायचा आणि तिथे काय उपचार करायचा ते ठरवायचं, म्हणजे माथ्यावर सलग समतल चर, खाली शेतात बांधबंदिस्ती, कुठे शेततळं. हे सगळं हाताने भरायला वैताग यायचा म्हणून मी पायथनमध्ये एक छोटं प्लगइन, म्हणजे क्यूजीआयएसला जोडायचा प्रोग्राम, लिहिलं. गट निवडा, उपचार निवडा, 'जोडा' बटण दाबा, की त्या गटाचा पॉलिगॉन उपचारांच्या लेयरमध्ये जातो आणि खाली त्या गटाचं एकूण उपचारक्षेत्र हेक्टरमध्ये दिसतं. एवढंच. मी काही कॉम्प्युटर इंजिनियर नाही, भूगोलवाली आहे, पायथन नोकरी करता करता शिकले, त्यामुळे पुढे जे सांगतेय ते कुणाला बाळबोध वाटलं तर वाटू दे.

पहिला संशय नेहमीप्रमाणे सीआरएसवर, म्हणजे नकाशा जमिनीवर कुठल्या पद्धतीने बसवून मोजायचा त्या सेटिंगवर. क्यूजीआयएसमध्ये काहीही चुकलं की आधी सीआरएसला धरायचं हा आमचा रिवाजच आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग यूटीएम या उभ्या पट्ट्यांच्या पद्धतीतल्या ४३ झोनमध्ये येतो, ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला म्हणजे नागपूर-भंडारा-गडचिरोली बाजू ४४ मध्ये, आणि मी कोडमध्ये ३२६४३, म्हणजे ४३ झोनचा आकडा, सरळ ठोकून दिलेला होता (हो, माहितीये, शिव्या नका घालू). पण भंडाऱ्याचा गट चुकून ४३ मध्ये मोजला तरी फरक पडतो अर्ध्या टक्क्याच्या आसपास, चौपट नाही. आणि हा माणूस होता बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात, जिथून ४३ झोनचा मधला ७५ रेखांश अगदी जवळून जातो, म्हणजे तिथे तर ती शंकाच नको. मग वाटलं हेक्टर-एकर घोळ असेल, पण तो २.४७ पट असतो. हा म्हणत होता चौपट, बरोब्बर चौपट. पूर्ण आकड्याची पट आली की समजायचं मोजण्यात चूक नाही, कुठेतरी तेच काम पुन्हा पुन्हा होतंय. हे मला आता कळतं, तेव्हा कळलं नव्हतं.

माझ्या मशीनवर करून पाहिलं, बरोबर. पुन्हा केलं, बरोबर. त्याचाच गटनकाशा मागवून घेतला, बरोबर. शेवटी मी ते सुप्रसिद्ध वाक्य बोलले, "क्यूजीआयएस बंद करून परत चालू कर". त्याने केलं, बरोबर आलं, तो म्हणाला झालं ताई, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन.

पुढच्या आठवड्यात मला तसंही तिकडे जायचं होतं. त्याला सांगून ठेवलं की मी येईन त्या दिवशी सकाळपासून क्यूजीआयएस बंद करायचं नाही, काही झालं तरी नाही, चुकीचं क्षेत्र आलं तरी तसंच चालू ठेव, मला ते चुकलेलंच बघायचंय.

आता इथे जरा थांबून सांगते की चालू क्यूजीआयएसमध्ये घुसायचं म्हणजे नक्की काय. आपण साधी पायथन फाइल लिहितो तेव्हा व्हीएस कोड या एडिटरमध्ये एफ५ दाबलं की तोच प्रोग्राम चालू करतो आणि तोच थांबवतो. प्लगइनचं तसं नसतं. क्यूजीआयएस हा मुळात सी प्लस प्लस आणि क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) यात लिहिलेला मोठा वाडा, पायथन त्यात भाडेकरू, आणि आपलं प्लगइन म्हणजे भाडेकरूच्या खोलीतली एक ट्रंक. एफ५ दाबून काही होत नाही कारण आपली फाइल एकटी चालूच शकत नाही, तिला आयफेस (क्यूजीआयएसशी बोलायचा ऑब्जेक्ट) लागतो, लेयर लागतात, माणसाने निवडलेला गट लागतो. म्हणून उलटं करायचं. क्यूजीआयएस चालू राहू द्यायचं, त्याच्या आत एक दार उघडायचं आणि बाहेरून व्हीएस कोडने त्या दारातून आत यायचं.

ते दार म्हणजे डीबगपाय, चालू कोड मधेच थांबवून आत बघायचं (म्हणजे डीबग करायचं) साधन. मायक्रोसॉफ्टचं पॅकेज आहे, आधी पीटीव्हीएसडी होतं त्याच्या जागी आलेलं, व्हीएस कोडमध्ये पायथन डीबग करता तेव्हा आतून हेच चालतं. क्यूजीआयएसच्या आत डीबगपायचं लिसन हे फंक्शन चालवायचं, त्याला पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, द्यायचा, सगळे ५६७८ देतात तोच मीही देते, आणि व्हीएस कोडच्या लाँच फाइलमध्ये 'लाँच'ऐवजी 'अटॅच' असं लिहून तोच पोर्ट द्यायचा. बस. (नावं मी देवनागरीतच लिहितेय, टाइप करताना तुम्ही इंग्रजीत करालच.)

आणि सगळ्यात भारी गोष्ट, जी मला दोन वर्षं सुचलीच नव्हती, ती ही की लिसनची ओळ प्लगइनच्या कोडमध्ये घालायची गरजच नाही. क्यूजीआयएसमध्ये पायथन कन्सोल असतो ना, कंट्रोल-ऑल्ट-पी दाबल्यावर खाली उघडतो तो, तो त्याच प्रोसेसमधला तोच पायथन आहे ज्यात आपलं प्लगइन चालू आहे. मग तिथेच टाइप करायचं. क्यूजीआयएस सकाळी आठपासून चालू असेल, त्यात काय काय उघडून बंद केलं असेल, तो सगळा पसारा जसाच्या तसा ठेवून दार उघडता येतं.

हे ऐकायला सोपं आहे पण पहिल्यांदा मी माझ्या मशीनवर केलं तेव्हा काय झालं ते सांगितलंच पाहिजे. विंडोज. कन्सोलमध्ये इम्पोर्ट केलं, लिसन लिहून एंटर मारला, आणि समोर क्यूजीआयएसचं स्वागताचं चित्र. म्हणजे दुसरं क्यूजीआयएस उघडत होतं! मी बंद केलं, परत एंटर, परत दुसरं क्यूजीआयएस. मला वाटलं व्हायरस आला. नंतर कळलं की डीबगपाय स्वतःसाठी एक वेगळी छोटी प्रोसेस सुरू करतो आणि त्यासाठी 'सध्याचा पायथन कुठला' हे पायथनच्या सिस मॉड्यूलचं एक्झिक्युटेबल विचारून घेतो. साध्या पायथनमध्ये तिथे पायथन डॉट ईएक्सई असतं. पण क्यूजीआयएसच्या पोटातल्या पायथनला विचारलं तर तो सांगतो क्यूजीआयएस-बिन डॉट ईएक्सई, कारण त्याच्या दृष्टीने तो वाडा म्हणजेच तो. मग डीबगपाय बिचारा तेच चालवतो. उपाय एका ओळीचा, लिसनच्या आधी डीबगपायचं कॉन्फिगर चालवून खऱ्या पायथन डॉट ईएक्सईचा पत्ता द्यायचा, जो इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमध्ये अ‍ॅप्स आणि मग पायथन३१२ किंवा तुमचा जो काही आकडा असेल त्यात सापडतो. ही ओळ मी एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवलीये.

दुसरा किस्सा माझ्या स्वतःच्या शहाणपणाचा. डीबगपायमध्ये वेट फॉर क्लायंट नावाचं फंक्शन आहे, म्हणजे व्हीएस कोड जोडला जाईपर्यंत इथेच थांब. मी ते प्लगइनच्या इनिटगुईमध्ये घातलं होतं, कारण प्लगइन लोड होताना काहीतरी बघायचं होतं, आणि काढायला विसरले, आणि झिप करून सगळ्यांना पाठवून दिलं. सोमवारी सकाळी पाच जणांचं क्यूजीआयएस स्वागताच्या चित्रावरच बसून राहिलं, कुणाची तरी वाट बघत. मी तेव्हा एसटीत होते, रेंज नाही. त्या दिवशीबद्दल अजून मला जेवणाच्या सुट्टीत ऐकवतात.

असो. तर आष्टी.

मी पोचले तेव्हा तीन वाजले होते. त्याचा चौदा इंची लॅपटॉप, क्यूजीआयएस चालू, आणि त्याने अभिमानाने दाखवलं की हे बघा ताई, चौपट. त्याच्या मशीनवर व्हीएस कोड नाही, माझा लॅपटॉप वेगळा. दोन्ही त्याच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडले. क्यूजीआयएससोबत येणाऱ्या ओएसजिओफोरडब्ल्यूच्या शेलमधून पिपने डीबगपाय टाकलं, हॉटस्पॉटवर दोन मिनिटं लागली, आणि क्यूजीआयएस बंद न करता कन्सोलमध्ये इम्पोर्ट झालंसुद्धा. फरक एवढाच की दुसऱ्या मशीनवरून यायचं तर लिसनला लोकलहोस्ट देऊन भागत नाही, चार शून्यांचा पत्ता द्यावा लागतो, म्हणजे कुठूनही या. हे ऑफिसच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर अजिबात करू नका, त्या पोर्टवर जो येईल तो तुमच्या मशीनवर वाट्टेल तो कोड चालवू शकतो, पासवर्ड वगैरे काही भानगड नाही. आम्ही दोघंच होतो हॉटस्पॉटवर. विंडोजच्या फायरवॉलने परवानगी विचारली, दिली, मी माझ्याकडून अटॅच केलं, खालची पट्टी केशरी झाली. जोडलं गेलं!

ब्रेकपॉइंट, म्हणजे कोडला 'इथे थांब' सांगणारी खूण, लावला 'जोडा' बटणाच्या फंक्शनवर. लाल ठिपका यायला हवा, आला पोकळ करडा गोल. पोकळ गोल म्हणजे व्हीएस कोड म्हणतोय की ही फाइल त्या बाजूला कुणी चालवतच नाहीये. साहजिक आहे, माझ्याकडे कोड डी ड्राइव्हवर, त्याच्याकडे प्लगइन यूजर्स, त्याचं नाव, अ‍ॅपडेटा, रोमिंग, क्यूजीआयएस, प्रोफाइल्स अशा सात पदरी फोल्डरात. दोन्ही फाइल एकच आहेत हे व्हीएस कोडला आपणच सांगायचं असतं, लाँच फाइलमध्ये पाथमॅपिंग्जखाली, लोकलरूट माझा, रिमोटरूट त्याचा. रिमोटरूट अंदाजाने टाइप करू नका, मी दोनदा चुकले, कन्सोलमध्ये आपलं मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याचं फाइल विचारा, जे येईल ते जसंच्या तसं कॉपी करा. ते केल्यावर गोल भरला.

"आता दाब," म्हटलं.

त्याने बटण दाबलं. माझ्याकडे ती ओळ पिवळी झाली आणि त्याच्याकडे क्यूजीआयएस फिकट पडलं, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग', आणि विंडोजने विचारलं बंद करू का. त्याचा हात माऊसकडे जाताना मी अक्षरशः ओरडले. ब्रेकपॉइंटवर थांबलेलं असताना क्यूजीआयएसचा मुख्य थ्रेडच थांबलेला असतो, म्हणजे खिडकी रंगवणारा, क्लिक ऐकणारा तोच, त्यामुळे विंडोजला वाटतं गेलं हे. गेलेलं नसतं, श्वास रोखून उभं असतं. हात लावायचा नाही.

व्हेरिएबल बघितले. गट बरोबर, उपचार बरोबर, क्षेत्र १.८२ हेक्टर, बरोबर. काहीच चूक नाही. मला वाटलं आता एकेक ओळ खाली जात बसावं लागणार, म्हणून आधी एफ५ दाबून (थांबलेलं असताना त्याचा अर्थ 'पुढे चालू दे') सोडून दिलं, की शेवटी काय येतं ते बघू.

ते परत त्याच ओळीवर थांबलं.

मी त्याच्याकडे बघितलं. "परत दाबलंस?" "नाही ताई, हात बाजूला आहे." त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. एफ५. परत थांबलं. एफ५. परत. चौथ्यांदा सोडलं तेव्हा क्यूजीआयएस शुद्धीवर आलं आणि खाली आकडा आला ७.२८. एका क्लिकला चार वेळा.

ब्रेकपॉइंट तसाच ठेवून कन्सोलमध्ये गेले. क्यूजीआयएसच्या यूटिल्समध्ये प्लगइन्स नावाची डिक्शनरी असते, त्यात चालू असलेल्या प्रत्येक प्लगइनचा जिवंत ऑब्जेक्ट असतो, नुसता कोड नाही, सकाळपासून चाललेला तो. त्यातून माझा डायलॉग, डायलॉगमधून बटण, आणि बटणाला विचारलं रिसीव्हर्स किती, म्हणजे तुझ्या क्लिकवर किती जण कान लावून बसलेत. उत्तर आलं ४.

मग विचारलं, आज हा डायलॉग किती वेळा उघडलास? तो म्हणाला लहान स्क्रीन आहे ना, डायलॉगखाली नकाशा झाकला जातो, म्हणून बंद करतो आणि लागला की परत उघडतो. सकाळी एकदा, चहानंतर एकदा, असं तीन-चार वेळा होतंच.

कोड उघडला आणि तीन सेकंदांत दिसलं. प्लगइन बिल्डरने बनवलेल्या सांगाड्यात रन नावाचं फंक्शन असतं, आयकॉनवर क्लिक केलं की प्रत्येक वेळी ते चालतं. त्यात फर्स्ट स्टार्ट अशी एक अट असते, पहिल्यांदाच उघडत असेल तरच डायलॉग बनव, नाहीतर आहे तोच दाखव. मी डायलॉग त्या अटीच्या आत बनवला होता आणि बटणाचं कनेक्ट (बटणाला फंक्शन जोडणारी ओळ) त्या अटीच्या बाहेर लिहिलं होतं. म्हणजे डायलॉग एकच, पण प्रत्येक वेळी उघडला की त्याच बटणाला त्याच फंक्शनची आणखी एक तार. क्यूटी काही म्हणत नाही, तुम्ही चार वेळा जोडलं तर तो चार वेळा निरोप देतो, इमानदार आहे.

मग माझ्याकडे का नाही आलं? एक तर माझ्याकडे दोन मॉनिटर, डायलॉग दुसऱ्यावर टाकून ठेवते, दिवसभर बंदच करत नाही. आणि मुख्य म्हणजे प्लगइन रीलोडर. कोड बदलला की एक बटण दाबायचं आणि प्लगइन ताजं होतं, त्याशिवाय काम करताच येत नाही. पण ताजं झालं की फर्स्ट स्टार्ट परत खरं, डायलॉग नवा कोरा, तार एकच. म्हणजे मी ज्या ज्या वेळी तपासलं त्या त्या वेळी तपासायच्या आधी मीच पुरावा पुसून टाकत होते. आणि त्याला फोनवर 'बंद करून चालू कर' सांगितलं तेव्हाही तेच.

प्रिंट का नाही टाकले असं कुणी विचारेल. टाकले होते. पण विंडोजवर कन्सोल उघडलेला नसेल तर ते प्रिंट जातात हवेत, आणि तो कशाला कन्सोल उघडेल.

दुरुस्ती काय केली, तर ती कनेक्टची ओळ टॅब मारून उजवीकडे सरकवली, अटीच्या आत. सत्तर किलोमीटर एसटी, एक टॅब.

त्याच दिवशी हात धुऊन घेतले आणि आणखी एक जुनं दुखणं बघितलं. उताराचा नकाशा करणारा भाग मी क्यूजीएस टास्कमध्ये टाकलाय, मागच्या थ्रेडवर चालतो म्हणजे खिडकी अडकत नाही, पण तिथे ब्रेकपॉइंट कधीच लागत नाही, भरलेला लाल ठिपका, आणि कोड त्याच्यावरून सरळ निघून जातो. कारण तो थ्रेड पायथनने नाही, क्यूटीने सी प्लस प्लसच्या बाजूने काढलेला, डीबगपायला त्याचा पत्ताच नसतो. टास्कच्या रन फंक्शनच्या पहिल्याच ओळीत डीबगपायचं डीबग धिस थ्रेड बोलवलं की लागतो. प्रोसेसिंगचे अल्गोरिदमसुद्धा बहुतेक मागच्याच थ्रेडवर चालतात, तिथेही हेच. हे मला कुणीतरी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक अख्खा उन्हाळा वाचला असता.

आणखी एक, लिसन एका प्रोसेसमध्ये एकदाच चालतं. दुसऱ्यांदा चालवलं तर एरर येतो की आधीच चालू आहे. घाबरायचं नाही, दार उघडंच आहे, व्हीएस कोडमधून नुसतं परत अटॅच करा. तोडा, जोडा, कितीही वेळा. पायचार्म या दुसऱ्या एडिटरमध्ये उलटं असतं, तिथे एडिटर ऐकत बसतो आणि प्रोग्रामने जाऊन त्याला गाठायचं, शिवाय ते पैसेवाल्या आवृत्तीत, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. पायथन ३.१४ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२५ ला आलेल्या, चालू प्रोसेसचा नुसता पीआयडी (तिचा नंबर) देऊन पीडीबी, म्हणजे पायथनचा स्वतःचा डीबगर, जोडायची सोय आलीये, आत काही आधी टाइप करायला नको. पण आमच्या क्यूजीआयएसमध्ये अजून ३.१२ आहे, त्यामुळे ते येईल तेव्हा येईल.

संध्याकाळी जुना डेटा साफ करायला बसलो. उपचारांच्या लेयरमध्ये एकावर एक तंतोतंत बसलेले पॉलिगॉन, नकाशावर कुणाला दिसणार? फक्त रंग अर्धपारदर्शक होता म्हणून चार थर असतील तिथे गडद दिसायचा. तो म्हणाला, ते गडद मी बघितलं होतं, मला वाटलं तुम्ही काळी जमीन वेगळी दाखवताय. डुप्लिकेट जॉमेट्री काढायचं टूल चालवलं, गावागावाचे आकडे परत काढले, आणि एका गावाचे जुळेनात. म्हणजे लेयरमध्ये सगळे गट दोन-दोन वेळा, पण त्याने पाठवलेल्या एक्सेलमध्ये क्षेत्र मात्र बरोबर.

विचारलं, हे कसं काय?

"ते होय? त्या गावाला सगळंच डबल येत होतं. मला वाटलं बांध दोन्ही बाजूच्या शेतकऱ्यांच्या नावावर धरत असतील, म्हणून मी दोनने भागलं."

मला का नाही सांगितलंस, तर म्हणे तुम्ही कामात असता. ती शीट अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या कॉलमच्या डोक्यावर त्याने लिहिलंय, 'ताईंचं क्षेत्र भागिले २'.